समुद्र जहाज गिळतो म्हणे

मी मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. गाव कवठे महांकाळ तालुक्यातलं, घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. गेल्या रजेत, निघायच्या आदल्या दिवशी आत्या अडून बसली. तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. चांगलं धडधाकट जहाज अचानक बेपत्ता. ना निरोप, ना एक फळी.

"जमिनीवर नोकऱ्या न्हाईत व्हय गं?" ती म्हणाली. "आपल्या हिरीत आसरा हाईत, तसं तिथं बी कायतरी असणारच. भूक लागली की गिळतंय."

आसरांवर, पाण्यातल्या त्या देवतांवर, मी हसले नाही. लहानपणी त्या विहिरीला मीही हळदकुंकू वाहिलंय. पण जहाजाचं मला ठाऊक होतं. शेजारी बांधकामाची बारीक, ओलसर वाळू पडली होती. रिकाम्या डब्यात ती भरली, हातानं दाबली.

"घट्ट हाय?" मी विचारलं.

"हाय की."

मग डबा पायरीवर आपटत राहिले. हळूहळू वाळूवर पाणी चढलं. डबा कलता केला, तशी सगळी वाळू चिखलासारखी एका अंगाला वाहिली.

"जहाजात ओली खनिजमाती भरली, की इंजिनाच्या थरथरीनं, लाटांच्या दणक्यांनी असंच होतं. माल एका बाजूला सरकतो, जहाज उलटतं. मदत मागायलाही सवड मिळत नाही."

आत्या डब्यात बघत राहिली. "अर्धा भरल्याला टँकर वळणावर कलंडतोय, तसं?"

"अगदी तसं."

बेपत्ता होणाऱ्या सगळ्याच जहाजांचं असं होत नाही, काहींचं काय झालं ते अजून कुणालाच कळलेलं नाही, हेही मी सांगितलं.

"मग भरायच्या आधी कोण बघतंय का न्हाई?"

"मागच्या फेरीला आम्हीच बघितलं की." पावसात भिजलेला माल होता. बंदरात असाच डबा आपटला, पाणी वर आलं. माल देणारा आमच्यावर ओरडत होता, पण कप्तानांनी भरणं थांबवलं. कोरडा माल मिळेपर्यंत जहाज धक्क्यावरून हललं नाही. पुढं सुखरूप पोचलो.

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं. म्हणून तर तपासते."

ती उठली, देव्हाऱ्यातला भंडारा माझ्या कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर सोडायलाही आली. बाकड्यावरच्या अनोळखी बाईला ती ठणकावून सांगत होती, "आमची पोरगी जहाज चालवती. लय हुशार हाय."