जयदेवला न आलेल्या मुंग्या

अंबरनाथ पूर्वेला कामगारांच्या बैठ्या चाळी आहेत, त्यांपैकी एकीत जयदेव खरात राहायचा. रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. पण चाळीत त्याला कारखान्यावरून कोणी ओळखत नसे. पेटीवाला जयदेव म्हटलं की लोक बरोबर दार दाखवायचे. भीमराव जाधवांच्या गायन पार्टीत तो मिसरूड फुटल्यापासून पेटी वाजवत आला होता. जयंती असो, लग्न असो की नामकरण, भीमराव आणि नाथा गायचे, सोमा ढोलकीवर, आणि जयदेव पेटीवर. माणूस कमी बोलणारा. स्वतःचं कौतुक ऐकलं की पेटीचा भाता उगीचच तपासत बसायचा.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत पार्टीने सिंथेसायझर घेतला.

त्या वर्षी जो तो नव्या आवाजाच्या मागे लागला होता. शेजारच्या पार्ट्यांची पोस्टरं 'आधुनिक संगीत' असं छापून यायला लागली, आणि नुसत्या पेटी-ढोलकीला बोलावणी येईनात. शेवटी चौघांनी सारखा वाटा टाकला आणि उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात जाऊन वाद्य पाहिलं. शेठच्या साडूने ते परदेशातून आणलं होतं. खोक्यातून पहिल्यांदाच बाहेर निघत होतं. लाकडी बाजू, काळा पत्रा, त्या पत्र्यावर चार ओळी बटणं आणि खाली पांढऱ्या-काळ्या पट्ट्या.

"साईं, ये हार्मोनियम नहीं है," शेठ म्हणाला. "इसमें हवा नहीं, बिजली गाती है."

आपल्या विजेवर ते चालत नव्हतं. वीज निम्मी करायला शेठच्या कारागिराने पत्र्याच्या डब्यात एक ट्रान्सफॉर्मर बांधून दिला. वाद्याच्या प्लगला तीन पिना होत्या, डब्याला भोकं दोनच. कारागिराने पक्कड घेतली आणि तिसरी पिन कट्कन तोडली.

"दो से चलता है," तो म्हणाला.

चाललंही. ती तिसरी पिन कशासाठी असते, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही.

वाटे सारखे, म्हणून मालकीही सारखी. वाद्य आळीपाळीने एकेका घरी आठवडाभर राहावं असं ठरलं. पहिली पाळी भीमरावांची. ते वयाने मोठे आणि पार्टी त्यांची. त्या पहिल्या संध्याकाळी चौघं त्यांच्या घरी जमले. दारात चपलांचा ढीग पडला. या लोकांनी देव सोडले होते, नवस सोडले होते, पण वाद्याला पायात काही घालून हात लावायचा नाही, हे काही सुटलं नव्हतं.

"सोमा, हात ठेव," भीमराव म्हणाले. "पट्टीवर नाही, वरच्या पत्र्यावर. दाबू नको. नुसती बोटं फिरव."

सोमाने बोटं फिरवली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "आयला. मुंग्या येतात, दादा."

"मुंग्या कसल्या? जिवंत आहे ते. तुझ्या ढोलकीला शाई लावलीस की दुसऱ्या दिवशी कातडं कसं बोटाला धरतं? तसंच."

नाथाने पूर्ण पंजा टेकवला, डोळे मिटले आणि हसला. "मनगटापर्यंत आलं. असली माल आहे. कॅम्पातला डुप्लिकेट असता ना, तर मेल्यासारखा पडला असता."

मग जयदेवने हात ठेवला. गार पत्रा. त्याने बोटं वर-खाली फिरवून पाहिली. तरी गारच.

"मला काही लागत नाही," तो म्हणाला.

"कसं लागणार?" नाथा म्हणाला. "बूट बघ पायात. साहेब आलेत तपासणीला."

त्या बुटांचं कारण सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात ऍसिडचा कॅन फुटला आणि जयदेवचे दोन्ही तळवे पोळले. कातडी आली, पण पातळ आली. अनवाणी उभं राहिलं की निखाऱ्यावर उभं राहिल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी जाड रबरी तळाचे बूट घरातही घालायला सांगितले होते. पेटी वाजवताना अडचण नव्हती. बूट बाजूला काढून मांडी घातली की झालं. हे नवं वाद्य मात्र स्टँडवर बसायचं आणि उभ्यानेच वाजवावं लागायचं.

पाळ्या सुरू झाल्या, तसे ज्याच्या-त्याच्या घरचे अनुभव कानावर यायला लागले. सोमा सांगायचा, खालचा सूर धरला की फळीवरची पातेली आपोआप थरथरतात, शेजारीण भिंतीवर लाटणं आपटते. भीमराव म्हणायचे, दुपारी कमी आणि सकाळी लादी पुसल्यावर जास्त येतं, म्हणजे त्यालाही स्वच्छता आवडते. नाथाचं घर नळाजवळ. त्याची जमीन बारा महिने ओली. त्याच्याकडे तर मुंग्या खांद्यापर्यंत जायच्या. एकदा दातांतही जाणवलं म्हणे. त्या दिवसापासून नाथा बोलायला लागला, की वाद्य मला ओळखतं.

बाकी दोघांनी ते चेष्टेत घेतलं. जयदेवला ते लागलं.

कारण या वाद्याचं खरं गुपित त्यालाच कळलं होतं. पेटीवर तीन सूर दाबले तर तीन वाजतात. इथे एका वेळी एकच. नाथाला ती खोड वाटली, तर जयदेवला वाटलं, हे पेटीचं नाही, गळ्याचं भावंड आहे. गळाही एका वेळी एकच सूर काढतो. शिवाय ते तापलं की सूर चढायचा. तासाभरात भीमरावांचा आवाज एकीकडे आणि वाद्य दुसरीकडे. हे ऐकू येणारा कान पार्टीत एकट्या जयदेवला होता. मागचं बारीक बटण केसभर फिरवून तो सूर जागेवर आणायचा. कोणतं बटण कुठवर फिरवलं की बासरीसारखा आवाज येतो, कुठवर फिरवलं की सनईसारखा, हे लक्षात राहावं म्हणून त्याने द्रौपदीच्या, म्हणजे बायकोच्या, नेलपॉलिशने पत्र्यावर ठिपके दिले होते.

आणि तरीही ते त्याच्या हाताला गारच राहायचं. आपल्या पाळीच्या आठवड्यात रोज कामावरून आल्यावर तो आधी पत्र्यावर पंजा ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग उचलायचा.

एका सकाळी द्रौपदी लादी पुसत होती. पुसता पुसता तिने त्याच ओल्या फडक्याने वाद्यावरची धूळ झाडली. जयदेव सूर लावत होता, वाद्य चालू होतं. तिच्या हातातलं फडकं उडून दाराशी पडलं. ती मागे सरून भिंतीला टेकली, हात पोटाशी घट्ट धरून.

"चावलं," ती म्हणाली.

जयदेव तिच्याकडे बघतच राहिला. "तुला आलं? मुंग्या?"

"मुंग्या कुठल्या? कोपरापर्यंत सणक गेली. चावतं ते."

"पण कसं आलं? बोटातून वर चढलं का एकदम?"

"अहो, माझा हात बघा आधी. बोटं उघडत नाहीयेत." तिने हात पुढे केला. "आणि विचारताय काय, कसं आलं? त्याच्यापुढे तुम्ही बूट काढायचे नाहीत. माझी शपथ आहे."

त्याने तिची बोटं चोळून दिली. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. हिने कधी पेटीला हात लावला नाही. हिला सा कुठला, प कुठला, कळत नाही. हिला येतं आणि मला येत नाही.

मार्च संपला आणि जयंतीचं बोलावणं आलं. बदलापूरजवळच्या जांभूळ गावचं. मोठा कार्यक्रम होता. आजूबाजूच्या सगळ्या गावांची माणसं येणार होती, आणि नवं वाद्य पहिल्यांदाच लोकांसमोर वाजणार होतं. तोवर सगळी तालीम घरात, माइकशिवाय झाली होती. आता प्रश्न एकच होता, वाद्यावर उभं कोण राहणार? नाथा गाऊ शकत होता आणि वाजवूही शकत होता. जयदेव फक्त वाजवत होता. पेटी तर आता पार्टीला नकोच होती. जांभूळला नाथा उभा राहिला असता, तर पुढे कायमचा तोच उभा राहणार, आणि जयदेवला प्रेक्षकांत सतरंजीवर जागा. हे चौघांनाही ठाऊक होतं.

भीमरावांनी दोन दिवस विचार केला.

"जयदेव वाजवेल," ते म्हणाले. "सूर चढला तर नाथाला कळत नाही, हे आपल्याला मान्य करावं लागेल."

नाथा म्हणाला, "चालेल ना. पण दादा, समोर फोटो असतो. हार घातलेला, मेणबत्त्या लावलेल्या. त्याच्यापुढे हा बूट घालून उभा राहणार? गावातली म्हातारी माणसं काय म्हणतील?"

भीमरावांनी जयदेवकडे पाहिलं. नाथाचं बोलणं खोटं नव्हतं.

"काढेन," जयदेव म्हणाला. "दोन तासांचा तर प्रश्न आहे. सोसेन."

"नक्की?"

"काढेन म्हटलं ना."

द्रौपदीला त्याने हे सांगितलं नाही.

जांभूळमध्ये पाण्याला तोटा नाही. समाजमंदिरासमोरचा सिमेंटचा ओटा बायकांनी दुपारीच घासून धुतला होता. ऊन उतरल्यावर धूळ बसावी म्हणून पोरांनी पुन्हा मैदानावर आणि ओट्यावर बादल्यांनी पाणी मारलं. गाणारे बसणार तिथे सतरंज्या आल्या. वाद्याचा स्टँड पुढच्या कडेला होता, तिथे नुसता ओला सिमेंट चमकत होता. मंडपवाल्याने खांबावरून वायर ओढून मागे एका फळीवर प्लग लावायची सोय केली होती. निळ्या रोषणाईची माळ मध्येच मंद व्हायची, मध्येच भक्कन पेटायची.

वंदना झाली. जयदेवने ओट्याच्या पायरीशी बूट काढले, मोजे त्यात खुपसले आणि वर चढला. ओला गारवा तळव्यांना आधी बरा वाटला. मग त्याने सवयीने पत्र्यावर पंजा ठेवला.

आलं.

बोटांच्या टोकांपासून आलं आणि बारीक वाळू सरकावी तसं तळहातावर पसरलं. त्याने हात उचलला, परत ठेवला. पुन्हा आलं. इतक्या महिन्यांचा ताण त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना सोमाने पाहिला. जयदेव त्याच्याकडे बघून चक्क हसला. माणसाला इतका आनंद नको त्या गोष्टीचा व्हावा, याहून वाईट काय असतं!

पहिलं गाणं उत्तम झालं. दुसऱ्याला लोक उभे राहून ऐकत होते. बायकांच्या बाजूला बसलेल्या द्रौपदीला आधी नवऱ्याचं कौतुक वाटलं. मग कोणीतरी पाणी प्यायला उठलं, मधली गर्दी बाजूला झाली आणि तिला पायरीशी ठेवलेले बूट दिसले.

ती उठली. ओट्याच्या मागे गेली. फळीपाशी उभं राहून तिने वायर धरली आणि प्लग उपसून काढला.

गाणं मध्येच लंगडं झालं. ढोलकी थोडी पुढे गेली आणि थांबली. लोकांतून शिट्ट्या आल्या.

"वैनी," नाथा मागे धावला. "हे काय केलंत?"

"ते चावतं," ती म्हणाली. प्लग तिने दोन्ही हातांत धरला होता. "हे बूट काढून उभे आहेत. मी नाही वाजवू देणार."

मंडळाचे अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले, "भीमराव, घरचं भांडण घरी ठेवायचं हो. एवढी माणसं बसलीयेत."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. जयदेव ओट्यावर तसाच उभा होता, हात वाद्यावर, वाद्य मुकं.

"मी उभा राहतो," नाथा म्हणाला. "मला नाही चावत ते. माझी ओळख आहे."

भीमराव खाली मान घालून म्हणाले, "जयदेव, तू खाली जा. नंतर बोलू."

जयदेव उतरला. बूट घातले, नाडी बांधली. द्रौपदीच्या हातातून प्लग घेऊन त्याने सोमाकडे दिला, आणि तिच्याकडे न बघता मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिला. ती त्याच्यामागे आली.

"रागवा," ती म्हणाली. "पण इथे उभे राहून रागवा."

नाथा गाणारही होता, म्हणून मंडपवाल्याने लोखंडी दांड्यावरचा माइक आणून त्याच्यासमोर ओल्या सिमेंटवर उभा केला. नाथाने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला जयदेवला कळलं, सूर चढलाय. कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि त्याला ते बरं वाटलं. चुकू दे, तो मनाशी म्हणाला. सगळ्यांना कळू दे.

डावा पंजा पत्र्यावर तसाच ठेवून नाथा पुढे झुकला आणि त्याने उजव्या हाताने माइकचा दांडा जवळ ओढला.

त्याचा आवाज आला नाही. कोपराखाली दबलेला वाद्याचा एकच सूर मात्र येत राहिला. लांब, सरळ, न हलणारा. किती ताणतोय, जयदेवला वाटलं. माझ्यावर दाखवतोय. लोकांनाही ती करामतच वाटली. पुढच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि मागेपर्यंत पसरल्या. नाथाचं तोंड उघडं होतं, मान एका बाजूला वळली होती, आणि तो कोणाकडेही बघत नव्हता.

जयदेवने वळून पाहिलं. द्रौपदी त्याच्या शेजारी नव्हती. पदर खोचून ती ओट्यामागच्या फळीकडे धावत होती.

सूर तुटला तेव्हा टाळ्या चालूच होत्या. नाथा वाद्यावर ओणवा झाला आणि स्टँडसकट ओल्या सिमेंटवर कोसळला. मग टाळ्या थांबल्या, त्याही एकदम नाही, एकेक करून.

जयदेव माणसांना ढकलत वर पोचला. भीमराव नाथाच्या नाकाशी बोटं धरून बसले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मुठीतून माइकचा दांडा सोडवायला जयदेव आणि सोमा, दोघांनाही जोर लावावा लागला.