टिटवीची अंडी
कडुनिंबाचा मोहोर दरवळला की मला नगरच्या जुन्या ख्रिस्ती कबरस्थानातली ती सकाळ आठवते. पहिल्या बाळंतपणात बाळासकट गेलेल्या माझ्या बहिणीच्या कबरीवर नावाचा दगड बसवायला आम्ही गेलो होतो. इंग्रजांच्या काळवंडलेल्या थडग्यांमधून पोहोचलो, तर तिच्या कबरीवरच्या खडीत टिटवीची चार अंडी होती आणि टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. "अपशकुनी पाखरू हाय, हुसकून लावू," गवंडी म्हणाला. वडील म्हणाले, "लेकरं हायेत तिची, ऱ्हाऊ द्या," आणि त्यांनी दगड परत टेम्पोत चढवायला लावला. बहीण गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेले वडील फाटकापाशी हमसून रडले. लोक बघतात म्हणून मी त्यांना गप्प केलं. आता वडीलही गेले, आणि वाटतं, त्या दिवशी त्यांना पोटभर रडू द्यायला हवं होतं.