टोपलीवाला दिसला नाही

मागच्या रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर नातीनं टीव्हीवर विनोदी मालिकेचा एक भाग लावला. सिनेमाला कोर्टात आरोपी म्हणून उभं केलेलं. वकील गरजत होता, "या सिनेमानं आपल्या संस्कृतीला दिलं तरी काय?" साक्षीदार एकापेक्षा एक वेडे. घरातले सगळे पोट धरून हसत होते, मीही हसत होतो. मग डोक्याला तेल थापलेला एक साक्षीदार आला. म्हणाला, "साहेब, मीपण त्या पिच्चरमध्ये आहे. हिरोच्या मागं तिसरा. नीट बघा ना!" सगळे खो-खो हसले. माझं हसू मात्र तिथंच आटलं. नात म्हणाली, "आबा, ठसका लागला का?" मी हो म्हणालो. आता या वयात पोरीला काय सांगायचं, की हाच विनोद मी तिच्या बापाच्या जन्माआधी लिहिला होता, आणि त्यापायी एका माणसाचा संसार मोडला?

आमचं गाव सावली या मोठ्या गावाजवळ, जिल्हा तेव्हा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर. शेजारी एकजण राहायचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. लग्नाला वर्षही झालं नाही तो हा कोणाला न सांगता मुंबईला पळाला, सिनेमात काम करायला. दोन वर्षं पत्ता नाही. बायकोला तिच्या बापानं माहेरी नेलं. मग एका दिवाळीला परतला, पार वाळून गेलेला, आणि सांगू लागला, मी पिच्चरमध्ये काम केलं. बाजाराचा सीन आहे, हिरो पळत येतो आणि एका टोपलीवाल्याला धडकतो, फळं सांडतात. तो टोपलीवाला मीच. गावात कोण विश्वास ठेवणार! सासरा तर तोंडावर म्हणाला, "हा दोन साल जेलात असन. पिच्चरची गोष्ट खरी निघाली तं पोरगी पाठवतो, नाई तं नाई पाठवत." एका टोपलीवर बिचाऱ्याचा संसार अडकला होता.

मी तेव्हा विशीतला, मॅट्रिक झालेला, म्हणजे स्वतःला बृहस्पती समजणारा. शाळेच्या गुरुजींना सिनेमाचा भारी तिटकारा. आमच्या झाडीपट्टीत नाटकं आहेत, दंडारीचा नाच आहे, मग हा तंबूतला धिंगाणा कशाला, म्हणायचे. सव्वीस जानेवारीसाठी त्यांनी मला प्रहसन लिहायला सांगितलं. सिनेमा किती कुचकामी ते लोकांना हसता हसता पटलं पाहिजे. मी लिहिलं. त्यातला मुख्य माणूस कोण? मुंबईहून परतलेला थापाड्या, 'मी पिच्चरमध्ये आहे' म्हणत गावभर फिरणारा. ते काम मीच करणार होतो. गुरुजी वाचून म्हणाले, "वा! तू तर नाटककार झालास." बस्स, चढलो हरभऱ्याच्या झाडावर. भाऊला काय वाटेल, हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

जानेवारीतच जवळच्या मूल गावाला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि नेमका तोच पिच्चर आला, तीन दिवसांसाठी. गावात धानाचं चुरणं, म्हणजे मळणी चाललेली, कोणाला सवड नाही. आणि भाऊ हिवतापानं फणफणत खाटेवर पडलेला. त्यानं मला बोलावून घेतलं. "तू जाय बाबू. नीट पाहजो. पापनी हालवू नोको, मी लय थोडा वेळ आहो."

सायकल हाणत मूलला गेलो, पहिल्या खेळाला बसलो. आणि दिसला की हो! बाजार, हिरो पळत आला, धडक, फळं सांडली, आणि आमचा भाऊ तोंड वासून पाहतोय. "भाऊ! आमचा भाऊ!" मी उठून ओरडलो, तसा मागचा खेकसला, "अबे, बस ना खाली!" खरं सांगतो, त्या घटकेला आनंदानं माझे डोळे भरून आले होते.

सकाळी परतताना सायकलवर प्रहसनातले संवाद म्हणू लागलो, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. भाऊ खरा ठरला तर माझं प्रहसन गेलं चुलीत. थापाड्या थापाड्याच राहत नाही, मग लोक हसणार कशाला? कार्यक्रम चार दिवसांवर आलेला. मी मनाची समजूत घातली: चारच दिवस. प्रहसन होऊ दे, मग सगळ्यांना खरं सांगतो. चार दिवसांत काय बिघडतं?

भाऊच्या घरी गेलो तर जावयाला ताप म्हणून सासरा आलेला, खाटेपाशीच बसलेला. भाऊ कोपरावर उठला.

"दिसलो?"

"नाई दिसला, भाऊ."

"बाजाराचा सीन होता ना?"

"होता. टोपलीवाला दुसराच होता."

टोपलीवाला दुसराच होता! हे मला कोणी विचारलं होतं? 'नाई दिसला' एवढ्यावर थांबलो असतो तर काही फट तरी राहिली असती. पण नाही, अंगात आगाऊपणा होता ना! सासरा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपला.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात प्रहसन झालं. लोक हसून हसून लोळले. भाऊ घोंगडी पांघरून मागं बसला होता, लोक त्याच्याकडे बोटं दाखवत होते, आणि तोही हसत होता. गुरुजींनी मला नारळ दिला. म्हणाले, आपली संस्कृती टिकेल ती अशा पोरांमुळं. मी तो नारळ फोडून वाटलाही! खरं सांगायचं त्या दिवशी राहिलं, दुसऱ्या दिवशी राहिलं. लोक वाटेत थांबवून संवाद म्हणायला लावायचे. जीभ रेटलीच नाही. उन्हाळ्यात बातमी आली, सासऱ्यानं पोरीचा दुसऱ्या गावी पाट लावून दिला. म्हणजे आता तिचं दुसरं घर झालं. मग खरं सांगण्यात अर्थच काय, हेही मीच ठरवून टाकलं. भित्रा होतो, दुसरं काय.

भाऊ अहेरीकडे जंगलाच्या कामावर निघून गेला. तीन वर्षांनी कचेरीच्या कामासाठी मी अहेरीला गेलो, बाजाराचा दिवस होता, आणि मागून हाक आली, "बाबू!" तोच होता. एकटाच राहत होता. मला ओढतच चहाच्या दुकानात घेऊन गेला. गावाकडच्या सगळ्यांची विचारपूस केली, मग आपणच म्हणाला, "मीच येडा होतो. पिच्चरवाल्याईनं माहा तुकडा कापून टाकला असन, आन मी गावभर सांगत फिरलो. आता तं मलेच वाटते, मी तिथी होतो का नाई."

मग मात्र मला राहवलं नाही. "भाऊ, तू होता. मी पाह्यलं तुले. हिरो धडकला, फळं सांडली, तू तोंड वासून पाहून राह्यला होता. मी खोटं बोललो. त्या सव्वीस जानेवारीच्या नकलेपायी खोटं बोललो." आता हा कानाखाली ओढेल म्हणून मी मान खाली घालून बसलो. ओढावी, असंच वाटत होतं.

तो हसला आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "फळं सांडली हे तं मीच सांगत होतो ना सगळ्यायले. राहू दे, बाबू. मले बरं वाटावं म्हनून काऊन खोटं बोलून राह्यला?"

मी आईची शपथ घेतली, गळ्याला हात लावला. त्यानं माझा हात धरून खाली ठेवला. "इतक्या दूर सायकलनं गेला होता माह्यासाठी," तो म्हणाला. "तू पयलेपासूनच मनाचा लय चांगला." आणि दुकानदाराला त्यानं आणखी दोन चहा सांगितले.