तुळशीला घातलेली साय

आमच्या वरच्या मजल्यावरची कौमुदी चिडली की भांडी घासते. मध्यंतरी तिच्याकडची भांडी इतकी लखलखायला लागली की तिच्या मोलकरणीला आपली नोकरी जाते की काय असं वाटू लागलं.

चिडायला कारणही होतं. मुलगा फार लवकर जन्मला. तो हॉस्पिटलात काचेच्या पेटीत, ही मुरलीपुऱ्यात घरी. दूध काढायचं, बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवायच्या, आणि सी-स्कीम भागात बँकेत कामावर जाताना नवऱ्याने, कौशिकने, त्या हॉस्पिटलात पोचवायच्या. तिथे नळीने पाजत. बारसं झालेलं नाही, म्हणून इथल्या हिंदी बोलणाऱ्या नर्स त्याला ‘कौमुदी का बेबी’च म्हणतात.

पण बेबीचं वजन हलेना. त्यात शीच्या तपासणीत बुरशी निघाली. यीस्ट. आतड्यातून रक्तात गेली तर जिवावर बेतायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुधातली चरबी त्याच्या पोटात जायला हवी. वजनासाठी तर हवीच. बुरशीलाही तिने थोडा आळा बसतो असं काही अभ्यासांत दिसतंय. पण पक्कं नाही.” नर्सने मात्र पक्कं सांगून टाकलं, “मम्मी का दूध पतला है. घी खाओ.”

झालं! सासूबाई, प्रभावतीबाई, सांगलीहून आलेल्याच होत्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, भातावर तुपाचं तळं. “नऊ महिने नुसती काकडी-गाजरं खाल्लीस, मग दूध पाणीच होणार.”

“नऊ कुठे, सात पण झाले नव्हते,” कौमुदी पुटपुटायची आणि कढई उचलायची. मला म्हणाली, “विभाकाकू, आता तूप कानातून येईल. पण दूध पातळ ते पातळच!”

आता मी काही हेरगिरीला गेले नव्हते. वाटी परत द्यायला गेले होते. वाटी माझीच होती, ते सोडा. दाराशी त्यांच्या तुळशीच्या कुंडीत मुंग्यांची जत्रा.

“काय प्रभावतीबाई, तुळशीलाही लाडू चारता की काय?”

“छे हो! कौमुदीच्या दुधावरची साय घालते. आईचं दूध मोरीत ओतू नये.”

“साय? काढता?”

“मग! फ्रीजमध्ये वर पिवळी जमते ना. एवढ्याशा पोटाला जड नाही का? कौशिकलासुद्धा मी गाईचं दूध साय काढूनच दिलं.”

“कशाने काढता?”

“चमच्याने. धुऊन घेते हो, मी काय अडाणी आहे?”

मागे दारात कौमुदी उभी होती.

“आई, मी लाडू खाऊन मरत्येय! सगळे मला पातळ, पातळ म्हणताहेत, आणि तुम्ही ते मुंग्यांना घालता?”

“भल्यासाठीच केलं गं मी...”

“कोणाच्या?”

डॉक्टरीणबाईंनी फ्रीजमधल्या सगळ्या बाटल्या टाकायला लावल्या. साय गेली ती गेलीच, वर उघड्या बाटलीत घरातला चमचा! बुरशी त्यातूनच आली का, तेही कोणी ठामपणे सांगेना. म्हणजे धड भांडताही येईना. कौशिकने तर हद्द केली. “आईचा हेतू वाईट नव्हता,” म्हणाला. कौमुदीने प्रेशर कुकर घासायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच रिक्षाने हॉस्पिटलात जाते. तिथल्याच खोलीत दूध काढते आणि नर्सच्या हातात देते. प्रभावतीबाई दारापर्यंत लाडवांचा डबा घेऊन येतात. ती घेते आणि रिक्षात बसते.

काल दुपारी मी फोन केला. “कसं आहे गं?”

“पळीभरच आलं आज. पण आहे ते सगळं त्याच्या पोटात गेलं.”

“आणि वजन?”

“तेवढंच. उद्या बघू म्हणतात. काकू, इथे सगळे उद्याच बघतात हो!”

मागून नर्सने हाक मारली, ‘कौमुदी का बेबी’. फोन चालूच बाकावर टाकून ती धावली. तिच्या चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी तशीच ऐकत बसले.