चाळीस मिनिटं बंद पडणारी गाडी

कुणाच्या अंगात आलं की तोंडावर रुमाल धरून हसणारा मी माणूस. जन्म त्र्यंबक रोडला गेला, पण नारायण नागबळी, कालसर्प ह्यातलं काही आमच्या घरात झालं नाही. करणाऱ्यांची टिंगल मात्र मी भरपूर केली. मी 'अनुभव' लिहायला बसलोय हे कळलं तर बायको आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. तरी लिहितो... ह्यात भूत नाही. असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं.

महिरावणीच्या पुढे आमचं युनिट होतं, मशीनचे पार्ट बनवणारं. गेटबाहेर टपरी. दुपारच्या चहाला आम्ही चौघं तिथे असायचो — मी, विलास आणि असेम्ब्लीचे दोघं. गाड्यांचं डोकं मला एकट्याला. कुणाची गाडी अडली की 'पक्याला बोलव'. आणि ज्याच्याकडे डोकं असतं त्यालाच खोड्या सुचतात.

माझी ठरलेली खोडी म्हणजे पेट्रोलचा कॉक. नवीन गाडीवाल्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. जुन्या मोटरसायकलला टाकीखाली हा कॉक असतो — चालू, बंद, रिझर्व्ह. तो बंद केला तरी गाडी लगेच थांबत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल साठलेलं असतं, तेवढ्यावर ती दीडएक किलोमीटर ऐटीत जाते, मग दोन गचके देऊन मरते. मग माणूस काय करतो? प्लग काढतो. दहातले नऊ जण आधी प्लगच काढतात. कॉककडे बघत नाहीत, कारण आपण तो बंद केलेला नसतो. तोवर आम्ही टपरीवर पोट धरून हसायचो.

विलास माझं आवडतं गिऱ्हाईक. अंजनेरीच्या पायथ्याचा, भोळा, वडिलांची जुनी टू-स्ट्रोक वापरायचा. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नसे.

आठ वर्षांपूर्वीचा श्रावणी सोमवार. विलास टपरीमागे हात धुवायला गेला आणि मी सवयीने कॉक फिरवला. तो आला तोच फोन कानाला लावून. म्हणाला, "घरी जाऊन येतो रे, दादांचं बरं नाय." दादा म्हणजे त्याचे वडील. त्यांचं बरं नसणं वर्षभर चालूच होतं. सांगावं असं एकदा माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण असेम्ब्लीवाले दोघं ओठ दाबून बसले होते आणि मला ती गंमत सोडवेना. किक मारून विलास गेला.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मी स्क्रीन त्या दोघांना दाखवली. "बघा, पडली बंद!" आणि फोन टेबलावर पालथा घातला. तो आणखी दोनदा वाजला. मी उचलला नाही.

संध्याकाळी त्याच्या चुलतभावाचा फोन आला. दादा गेले. विलास दहा मिनिटं उशिरा पोचला.

गाडी जिथे बंद पडली ती जागा टपरीपासून दीड किलोमीटरवर. रस्त्याखालून ओहोळ जातो, त्यावर छोटी मोरी, दोन्हीकडे सिमेंटचे कठडे. तिथे तो चाळीस मिनिटं किका मारत होता. सोमवार असल्यामुळे त्र्यंबककडच्या जीपा लोकांनी लगडलेल्या, एक थांबली नाही. चालत निघाला असता तर... पण जुन्या गाडीवाल्याचं तसंच असतं, आत्ता होईल, आत्ता होईल करत तो गाडी सोडत नाही. मदत मागायला त्याच्याकडे एकच नंबर होता. तो त्याने तीनदा लावला होता.

मी त्याला सांगितलं नाही. मौतीला गेलो, खांदा दिला, रडलोसुद्धा. असेम्ब्लीवाले दोघंही गप्प बसले. तेराव्याला जेवणं झाल्यावर विलासने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "ही तू घेऊन जा. मला डोळ्यासमोर नको. तुला गाड्यांचं कळतं." नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी घेतली.

इथपर्यंत सगळं माझं पाप. पुढचं मला कळत नाही.

गाडी नाशिकभर पळते. सातपूर, पंचवटी, देवळाली कॅम्प, एकदा तर भर पावसात इगतपुरीपर्यंत नेली, कुठे शिंकली नाही. पण त्र्यंबककडे जाताना त्या मोरीवर आली की दोन गचके आणि बंद. दरवेळी. कॉक बघावा तर चालू.

पहिल्यांदा हसलो. म्हटलं टाकीत गंज असेल. टाकी उतरवून रॉकेलने धुतली, कॉक नवा टाकला. बंद पडली. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही, म्हणून झाकण सैल ठेवून गेलो. बंद पडली. जेट फुंकले, वाटीतली सुई बदलली, शेवटी अख्खा कार्बोरेटर बदलला. मग पारदर्शक नळी बसवली, म्हटलं डोळ्याने बघू. मोरीवर गाडी थांबली तेव्हा नळी पेट्रोलने भरलेली होती. खालच्या वाटीचा स्क्रू सोडला... एक थेंब नाही! आत कोरडं ठणठणीत, आठवडाभर उन्हात पडल्यासारखं. भर दुपारी, ट्रक जातायत, समोर मक्याच्या कणसांची गाडी, आणि मी तो स्क्रू हातात धरून उभा.

कितीही किका मारा, चालू होत नाही. चाळीस मिनिटांनी पहिल्या किकला होते. मी घड्याळ लावून चार वेळा बघितलंय.

भद्रकालीत माझ्या ओळखीचे एक म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे नेली. मोरीचं सांगितलं, माझं नाही सांगितलं. उस्ताद स्वतः चालवत त्र्यंबकला जाऊन आले. गाडी खणखणीत. "गाडी में कुछ नहीं है, प्रकाशभाई," रुमालाने हात पुसत ते म्हणाले. "तुम्हीच बसू नका तिच्यावर."

त्या वाक्याने मात्र माझी झोप उडाली. उस्तादांना नेते, मला नेत नाही, म्हणजे गाडीला माहीत आहे? लोखंडाला? मी स्वतःला शिव्या घातल्या. पण विलासला एकदा सांगून टाकलं की गाडी पुढे जाईल, हे डोक्यात बसलं ते बसलंच. मला फक्त ती मोरी एकदा ओलांडायची होती.

ह्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेलो. गाडी मोरीवर मेली. मी विलासला फोन लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला.

पंधरा मिनिटांत आला, नव्या गाडीवर. केस पिकलेत त्याचे. मी कठड्यावर बसूनच बोललो. कॉक, टपरी, पालथा फोन, सगळं. बोलताना रडायला आलं, आणि ह्यावेळी ते खरं होतं.

विलास ऐकत होता. मग म्हणाला, "माहितीय."

"काय माहितीय?"

"कॉक बंद होता ते. चाळीस मिनिटांनी हात लागला माझा. मी कधी बंद करत नाय, दादाबी करायचे नाय. बंद करनारा तू एकटाच."

"मग... मग गाडी मला का दिलीस?"

"म्हनूनच दिली." तो इतक्या सहज म्हणाला, जणू कुणाला पत्ता सांगतोय. "तुला काय वाटलं, तुला गाड्यांचं कळतं म्हनून? म्हटलं, ह्याच्या दारात उभी राहू दे. रोज दिसू दे."

"आणि हे बंद पडणं? तू काय केलंयस हिला?"

"मी? मला साधा प्लग साफ करता येत नाय पक्या. तूच सांगायचा ना लोकांना?" त्याने वाकून नळीतलं पेट्रोल बघितलं, कॉक बघितला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. "दर टायमाला पडते?"

"दर वेळी. चाळीस मिनिटं."

"चाळीस." तो माझ्या शेजारी टेकला. "दादा तेवढा वेळ इचारत होते, विल्या आला का. आई म्हनत होती, फाट्यावर आलाय, आता येईल. शेवटी म्हनाले, नाय यायचा तो, त्याला माझा राग हाय. हे मनात घेऊन गेले." तो माझ्याकडे बघत होता. "हे कुनाला सांगितलं नव्हतं. तुला सांगायचंच होतं कधीतरी."

मी म्हटलं, "गाडी परत घे विलास. पाया पडतो तुझ्या."

"नाय. ठेव. इकायचीबी नाय," तो उठला. "लय बरं वाटलं बघ आज." आणि खरंच वाटलं होतं. आठ वर्षांत त्याचा चेहरा इतका मोकळा मी बघितला नव्हता. तो गेला. मी उरलेली मिनिटं एकटा बसलो, मग पहिल्या किकला गाडी चालू झाली.

ही झाली हकीकत. वाटी कोरडी कशी पडते, मलाच का पडते, मला माहीत नाही. विलासलाही नाही. इथे कुणी अनुभवी मेकॅनिक असतील तर जरूर सांगा, पण जे सांगाल ते मी बहुतेक करून बघितलेलं असेल.

आता महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. "गेलता का?" मी गेलेलो असतो. "थांबली?" "थांबली." एवढंच बोलून तो फोन ठेवतो, आणि तेवढ्यावर त्याचा महिना बरा जातो म्हणे, त्याची बायको सांगत होती. मागच्या रविवारी गाडी मोरीवर आली, एकच गचका दिला... आणि न थांबता पुढे गेली. अंजनेरीपर्यंत मी तशीच पळवली, रस्त्याच्या कडेला उभी करून खूप रडलो. संध्याकाळी विलासचा फोन आला. मी थांबली असंच सांगितलं.