दाढी वाढवा, बाबा

त्यानं माझी हनुवटी धरली अन् तोंड मोबाईलकडं वळवलं.

"बाबा, इकडं बघा. हां, असंच. हसू नका."

हसत कोण होतं? नांदेड स्टेशनच्या बाहेर, ऑटो लागतात तिथं, भर सकाळी मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेलं. भोवती ही गर्दी. निराधारांना उचलून नेणाऱ्या एका संस्थेची चौघं पोरं, गळ्यात सारखी उपरणी. एकाच्या हातात केस कापायचं मशीन, एकाच्या हातात मोबाईल. मशीनवाल्याला मशीन धरता येत नव्हतं. कानामागं कुठं टक्कल, कुठं झुपका.

मी म्हणलं, "आधी कातरी घे. एवढ्या वाढलेल्या केसात मशीन अडकतं."

तो मोबाईलवाल्याकडं बघून हसला. "घ्या, बाबा आता आपल्याला शिकवायलेत!"

गर्दी हसली.

मी न्हावी हाय. पन्नास वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या. माझ्या बगलेतल्या पिशवीत माझी धोकटी होती. वस्तरा, कातरी, वाटी, तुरटी, पट्टा, समदं. त्या पोरांनी पिशवी उघडून बघितली नाही. बघितली असती तर मोबाईलवाल्याची गोष्ट बिघडली असती.

माझा बाप बिलोलीकडच्या खेड्यात घरोघर जाऊन दाढ्या करायचा. मोठ्या घरी पायरीच्या खाली बसून. धान्य वरून टाकायचे, त्यानं उपरणं पसरायचं. त्याचा हात ताटाला लागला तर ताट धुवायचे. पण तो बी कुणाच्या तोंडाला विचारल्याशिवाय हात लावत नव्हता. "लावू का पाणी?" म्हणायचा. समोरचा मान हलवायचा, मग हात. मला वस्तरा द्यायच्या आधी बापानं ते वाक्य दिलं. मी चौथी शिकलो. त्यातलं काही ध्यानात नाही. हे ध्यानात हाय.

त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही.

रस्त्यावर कसा आलो ते सांगतो. माझी पत्र्याची टपरी होती. रस्ता रुंद करताना काढली. बायको त्याच्या आधीच गेलेली. खोली सुटली. मोतीबिंदू वाढला, तसं फिरून धंदा करणं बी जमेना. एकुलती लेक, कमल, औशाला दिलेली. तिच्या सासऱ्याचं तिथं केस-दाढीचं दुकान हाय, काचेचं दार, फिरत्या खुर्च्या, थंड हवा. लेकीच्या घरी जाऊन भाकर मोडायची? मरण बरं. तिला फोनवर सांगायचो, "दुकान जोरात हाय." मग फोन बी मोडला. स्टेशनवर झोपायला लागलो. तिथनंच त्या पोरांनी मला संस्थेत नेलं.

खोटं बोलणार नाही. संस्थेत अन्न होतं. गरम पाणी होतं. त्यांनी माझं आधार कार्ड परत काढून दिलं. दवाखान्यात नेऊन डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी सोडली तेव्हा माझ्या हातावरचे केस मला दिसले. तिथं आलेला एक मिस्त्री चार महिन्यांत कामावर गेला. एका बाईला तिची माणसं सापडली. हे समदं खरं हाय. सकाळ-संध्याकाळ आरती, जेवणाआधी प्रार्थना. ती बी म्हणलो. देवाशी माझं भांडण नव्हतं.

धोकटी मात्र पहिल्याच दिवशी ऑफिसच्या कपाटात गेली. धारेची वस्तू आत चालत नाही म्हणाले. नियम हाय, बरोबर हाय. पण दर आठवड्याला ते मशीन घेऊन यायचे अन् पन्नास वर्षांचा न्हावी मान खाली घालून बसायचा.

नीट दिसायला लागलं तसा एक दिवस ऑफिसच्या फोनवरून कमलला फोन लावला. नंबर तोंडपाठ.

"कमल, बापू बोलतो. बरी हाईस? मी झ्याक हाय. दुकान जोरात चालू हाय."





"बापू, कुठलं दुकान? माझ्या मोबाईलमदी तर तुमी खुर्चीवर बसलाव."



ती सांगत गेली. रडत नव्हती. त्याचंच जास्त लागलं. स्टेशनवरचा तो व्हिडिओ औशात पोचला होता. सासऱ्यानं दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण लावलेला असताना, समद्यांना दाखवला. अन् म्हणाला, "आमच्या व्याह्याला अख्ख्या नांदेडात न्हावी गावला न्हाई. इकडं आले असते तर दाढी फुकट करून दिली असती." दुकान हसलं. कमल आत चहा गाळत होती.

"बापू, लोकांनी हसलं त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "तुमी मला खोटं सांगितलं. मी काय परकी व्हते?"

फोन ठेवला. तसाच माताजींकडं गेलो. संस्था त्या चालवतात. शिकलेल्या, नांदेडच्या जुन्या घरच्या, नोकरी सोडून सेवेला लागलेल्या. आवाज मऊ. मी म्हणलं, "माताजी, माझा तेवढा व्हिडिओ काढून टाका."

"बाबा, तो व्हिडिओ पाहून किती लोक जोडले गेले, माहीत आहे? त्यांच्या देणगीवर पन्नास ताटं वाढली जातात."

"माझ्या लेकीची मान खाली गेली."

"अहंकार सोडा, बाबा. देवापुढं सगळे सारखे."

"सारखे हाव तर तुमचा बी एक व्हिडिओ लावा की. आंघोळीच्या आधीचा."

माझ्या मागं बिलोलीचा हणमंतू उभा होता, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. तो फिसकन हसला. माताजी हसल्या नाहीत. पण रागावल्या बी नाहीत. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे. मोठे पाहुणे येणार आहेत. ते स्वतःच्या हातानं स्टेजवर एका निराधाराची दाढी करणार आहेत. तुम्ही बसा. तो कार्यक्रम झाला की तुमचा जुना व्हिडिओ आम्ही काढून टाकू. माझा शब्द."

मी म्हणलं, "बरं."

"मग आजपासून महिनाभर दाढी करू नका. वाढवा, बाबा."

न्हाव्याला सांगितलं, दाढी वाढव.

वाढवली. लेकीसाठी वाढवली. पांढरी दाढी, उन्हाळ्याचे दिवस, आतून खाज. पाणी प्यायचो तर थेंब दाढीत अडकायचे. नळावरच्या आरशात बघणं सोडलं. हणमंतू चिडवायचा, "काय अन्ना, हिमालयात चाललाव का?" मी त्याला शिवी द्यायचो. 

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी स्टेजवर तालीम घेतली. दाढीची तालीम! व्यवस्थापक सरांनी मला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "उद्या पाहुणे अशी हनुवटी धरतील. तुम्ही वर बघायचं. मग उपरण्यानं डोळे पुसायचे. मोबाईल इकडून असेल."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जुना व्हिडिओ काढून टाकणार होते. अन् हा नवा? हा औशाला जाणार नाही? एक बेइज्जती पुसायला मी दुसरी विकायला बसलो होतो. ती बी माझ्याच हातानं वाढवून.

मी सरांना म्हणलं, "उद्या पाहुण्याला माझी हत्यारं द्या. माझी धोकटी. त्या मशीननं पांढरी दाढी ओढल्या जाते, माणूस ओरडतो."

सरांना ते लई आवडलं. माताजींना त्याहून जास्त. "त्यांचीच अवजारं! किती छान!"

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला. माझी धोकटी टेबलावर, खाली मखमली कापड, वर झेंडूचं फूल. पाहुणे आले. अंगातून अत्तराचा वास. माईक तोंडाशी धरून म्हणाले, "कुठून सुरुवात करू बुवा? आयुष्यात पहिल्यांदाच करतोय!" मंडप हसला. मग त्यांनी माझी हनुवटी धरली.

विचारलं नाही.

मी त्यांचा हात बाजूला केला. हळूच. उठलो अन् टेबलावरून धोकटी घेतली. फूल खाली पडलं. वस्तरा उघडला तसा पाहुणा दोन पावलं मागं सरला. कुणीतरी "अहो, धरा त्यांना!" म्हणालं.

मी म्हणलं, "भिऊ नका. न्हावी हाय मी."

वाटीत पाणी घेतलं. साबण लावला. वस्तरा पट्ट्यावर मारला. त्यांच्याच पैशानं डोळे परत मिळालेले, पण समोर आरसा नाही; तसाच बोटांनी चाचपत माझी दाढी मी केली. महिन्याची दाढी वस्तऱ्यानं उतरायला वेळ लागतो. घाई केली नाही.  फक्त वस्तऱ्याची खरखर. हनुवटीखाली एका जागी कापलं. तुरटी लावली. झोंबली.

बाजूला बघितलं. मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली केला होता. स्टेशनवर मी घाण होतो तर अर्धा तास व्हिडिओ काढला. मी माझ्या हातानं स्वच्छ झालो ते काढायचं नव्हतं.

माताजी पायऱ्यांपाशी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. "बाबा, आम्ही तुमच्यासाठी काय नाही केलं?"

"लई केलं, माताजी. विचारलं तेवढं न्हाई."

"मग आता इथं राहणं जमणार नाही."

"मी बी तेच म्हणतो."

धोकटी घेऊन निघालो. हणमंतू गेटपर्यंत आला.  गाल पुढं करून उभा राहिला. मी विचारलं, "लावू का पाणी?" तो म्हणाला, "लाव की, अन्ना." तिथंच रस्त्यापलीकडं, कडुलिंबाखाली, दगडावर बसवून त्याची केली. तेव्हापासून तो दगड माझा.

शेजारच्या हॉटेलवाल्याची दाढी करतो, तो पडवीत झोपू देतो. कमलला फोन केला. म्हणलं, "दुकान न्हाई. झाडाखाली बसतो. पडवीत झोपतो. आता खोटं बोलणार न्हाई." ती म्हणाली, "बरं." आणखी काही नाही. तेवढंच माझ्या वाट्याचं.

जुना व्हिडिओ त्यांनी काढून टाकला नाही. मी बी परत मागितलं नाही.

संस्थेची गाडी स्टेशनवरून माणसं घेऊन येते. आता ते दाढी-आंघोळ समदं गेटपाशीच करतात, मोबाईल लावून. गाडी थांबली की मी धोकटी घेऊन उभा. गेटाबाहेरचा रस्ता समद्यांचा, मला हटवणार कोण? काल एक म्हातारा उतरला. दाढी छातीपर्यंत, चपला नाहीत. सर धावत आले, "बाबा, आधी आम्हाला एक फोटो घेऊ द्या, मग तुम्ही करा."

मी म्हणलं, "आधी त्याला विचारा."

ते विचारेनात. त्यांना सवय नाही.

मी म्हाताऱ्यापुढं उकिडवा बसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. मी म्हणलं, "आत जेवण हाय, जा. डोळे दाखव, कार्ड काढून घे, तुझा हक्क हाय. पण पाया पडत जाऊ नको. अन् तोंड तुझं हाय. लावू का पाणी?"

त्यानं लई वेळ घेतला. मग मान हलवली.

मी जिता हाय तोवर त्या गेटातून जाणाऱ्या माणसाच्या तोंडाला पहिला हात विचारून लागंल. नाही म्हणाला तर लागणार नाही. मोबाईल घेऊन किती बी उभे राहा. मी हा दगड सोडणार नाही.