एकशे एकावी ओळ

आमच्या लातूरच्या क्लासच्या स्टाफरूममध्ये किस्से साठतात ते न तपासलेल्या पेपरांसारखे. रोज चार हातावेगळे करा, गठ्ठा तेवढाच! त्यातला निम्मा गठ्ठा कुरुडे सरांचा.

सर उमरीचे. शिकवायचे इंग्रजी, पीएच.डी. मात्र लडाखी, पुरिग आणि बल्ती या भाषांवर! या तिघी सख्ख्या बहिणी आणि ल्हासाची तिबेटी त्यांची चुलत बहीण, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. वहीत शंभर मराठी शब्द, पुढे प्रत्येक भाषेचा रकाना. बल्तीचा तेवढा कोरा. तो भरल्याशिवाय पुण्याचे गाइड सही करायला तयार नव्हते.

क्लासच्या मालकांनी एकदा विचारलं, "हे मेडिकलला येतं का?"

"न्हाई."

"मग लातुरात बसून कशाला करून राहिले?"

"लडाखात क्लास न्हाईत म्हणून!"

*

नांदेडला तिबेटी स्वेटरवाले आलेत असं कळल्यावर सर पहिल्या एसटीने पळाले. परतले ते तीन स्वेटर घेऊन.

आमच्या केमिस्ट्रीच्या काझी सरांनी विचारलं, "मिली क्या सगी बहन?"

"चुलतच निघाली. पण आग्रह लई करते!"

*

एकदा सरांनी फळ्यावर या भाषांची वंशावळ काढली आणि पुसायला विसरले. पुढचा तास बायॉलॉजीचा. आमची पोरं फळ्यावरचं काही सोडत नाहीत, बायॉलॉजीच्या वहीत उतरवलं! आठवड्याने इंग्रजीच्या तासाला एकाने उभं राहून विचारलं, "सर, बल्ती सस्तन हाय का?"

"सापडली की सांगतो!" कुरुडे सर म्हणाले.

*

मग भूकंप झाला. कुरुडे सर, काझी सर आणि मी ढिगारे उपसायला गेलो. आमच्यासोबतचा जवान हुसेन निघाला कारगिलकडचा, घरची भाषा बल्ती!

मी म्हणालो, "सर, वही काढा."

"ही काय येळ हाय का?" सर खेकसले.

वही काढली, पण हुसेनला मराठी शिकवायला. पाणी, हात, पाय, दगड. ढिगाऱ्याखालच्या माणसाशी बोलायला त्याला तेच शब्द हवे होते. चार दिवस वही त्याच्याच खिशात राहिली.

निघताना त्याने ती परत दिली. लक्षात राहावं म्हणून प्रत्येक मराठी शब्दापुढे त्याने आपला शब्द लिहिला होता, उर्दू लिपीत. काझी सर वाचत गेले. रकाना पूर्ण भरला होता! शंभराव्या शब्दाखाली हुसेनने स्वतःची एक ओळ वाढवली होती: "कुणी हाय का?"

गाइड खूश झाले. "फक्त ही एकशे एकावी ओळ खोडा. पद्धतीत बसत नाही."

सरांनी वही मिटली.

"मग डिग्री राहू द्या, सर. हिला ढिगाऱ्याखालून तिघांनी ओ दिलीय."